मार्च एंड झाला की दोन दिवस बसायचं कसं? सरकारी ऑफिसच्या वार्षिक आढावा-नियोजन शिबिराबद्दल

३१ मार्चच्या रात्री ट्रेझरीच्या आवारात जे उभे राहिलेत त्यांना वेगळं काही सांगायला नको. बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) निधी आला का, बिल पास झालं का, कुणाचं तरी एक सही राहिलेलं बिल घेऊन कुणीतरी मोटारसायकलवर पळतंय, घरून फोन येतायत जेवलास का म्हणून. आणि मग एप्रिल उजाडला की ऑफिसात एकदम शांतता. त्याच शांततेत पत्र येतं, वार्षिक आढावा व नियोजन शिबिर, सर्व खातेप्रमुखांनी अद्ययावत माहितीसह उपस्थित राहावे.

मी जिल्हा परिषदेत २२ वर्षं आहे. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, मग विस्तार अधिकारी झाले, आता सहायक गटविकास अधिकारी आहे. अशी शिबिरं मी नऊ वेळा भरवलीत किंवा भरवायला मदत केलीय आणि त्यातली तीन-चार खरोखर कामाला आली. बाकीच्यांमध्ये काय झालं ते तुम्हालाही माहितीय, प्रत्येक विभागाचं पीपीटी, टक्केवारी, जेवण, ग्रुप फोटो, आणि सोमवारी फाईल तिथंच. पण म्हणून शिबिरच नको असं मला अजिबात वाटत नाही. वर्षभरात बीडीओ (गटविकास अधिकारी), टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), गटशिक्षणाधिकारी, पाणीपुरवठा आणि बांधकामचे डेप्युटी इंजिनिअर, पशुधनवाले आणि अकाउंटवाले एका खोलीत दोन दिवस बसतात असा दुसरा प्रसंग येतच नाही. समन्वय सभेत बसतात, पण तिथं प्रत्येकाची नजर घड्याळावर. म्हणून ज्यांच्यावर यंदा हे शिबिर भरवायची जबाबदारी पडलीय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय. मी तालुका आणि जिल्हा पातळीवरचं सांगतेय पण नगरपालिका, आयटीडीपी म्हणजे आदिवासी विकास प्रकल्प, कुठलंही सरकारी ऑफिस असलं तरी बरंचसं लागू पडेल.

आधी तारीख

तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. मार्चमध्ये तर विषयच नाही. एप्रिलचे पहिले दहा-बारा दिवस खर्चाच्या ताळमेळात जातात, तोवर आकडेच पक्के नसतात, आणि कच्च्या आकड्यांवर आढावा घेतला की अर्धा वेळ "हे आकडे आमचे नाहीत" यातच जातो. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, गावोगाव कार्यक्रम, लोकांना तिथं असावं लागतं आणि असायलाही हवं. १ मेला महाराष्ट्र दिन आणि ग्रामसभा. म्हणजे राहिला एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा, आणि माझं ठाम मत आहे की तोच आठवडा घ्या, मेवर ढकलू नका.

का ढकलू नका तर दोन कारणं. एक म्हणजे बदल्या, सर्वसाधारण बदल्यांचा काळ एप्रिल-मेचा, मेच्या शेवटी शिबिर घेतलं तर ज्यानं वर्षभर काम केलं तो गेलेला असतो आणि जो आलाय तो म्हणतो मी नवीन आहे. दुसरं कारण आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसात दिसतं, ३१ मेला निवृत्त होणारी माणसं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून जन्मतारीख लावलेली एक आख्खी पिढी आहे, ती ५८ पूर्ण करून ३१ मेला एकाच दिवशी घरी जाते. त्यांच्याबरोबर काय काय जातं ते पुढे सांगते, पण शिबिर त्यांच्यासकट व्हायला हवं.

वार गुरुवार-शुक्रवार ठेवा. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यानंतर शनिवार-रविवारी शिबिर ठेवलं की माणसं येतात पण मनानं येत नाहीत, आणि मार्चभर एकही सुट्टी न घेतलेल्या माणसाचा शनिवार काढून घेणं मला बरोबरही वाटत नाही. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर एप्रिलचं ऊन धरून चाला, सकाळी साडेसातला सुरू करा, दुपारी एक ते चार सुटी द्या, चारला परत बसा.

आणि एक, वरून लेखी परवानगी घ्या की या दोन दिवसांत तालुक्याला व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लावू नये, लावली तर मुख्यालयात ठेवलेला एक माणूस बसेल. एका वर्षी आम्ही ही काळजी घेतली नाही. पहिल्याच दिवशी अकराला तातडीची व्हीसी लागली, निम्मे अधिकारी आपापल्या गाडीत एसी लावून मोबाईलवर बसले, हॉलमध्ये राहिलेले चहा पीत त्यांची वाट बघत राहिले, आणि ते दोन तास गेले ते गेलेच. लय तुटली की दोन दिवस तुटतात.

जागा आणि पैसे

ऑफिसपासून लांब पाहिजे पण फार लांब नको. ऑफिसच्याच सभागृहात घेतलं की दर वीस मिनिटांनी शिपाई येणार, मॅडम बाहेर सरपंच आलेत. आणि हिलस्टेशनच्या रिसॉर्टला घेतलं तर उद्या माहिती अधिकारात कुणी विचारलं तर काय सांगणार, आणि विचारलं नाही तरी दुष्काळी तालुक्यातल्या लोकांच्या पैशावर स्विमिंग पूल असलेल्या ठिकाणी राहणं माझ्या तरी मनाला पटत नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर चांगल्या जागा मिळतात. डाएटचा (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा) हॉल, ग्रामसेवक प्रशिक्षण केंद्र, सुट्टी लागली असेल तर आश्रमशाळा, एखादं मोठं विश्रामगृह. राहुरी, परभणी, अकोला, दापोली यांच्या जवळ असाल तर कृषी विद्यापीठात विचारा, गेस्ट हाऊस आणि हॉल दोन्हीची सोय बघता येते. पुण्याकडच्यांना बाणेर रोडला यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहेच, पण तिथलं बुकिंग बरंच आधी करावं लागतं.

जेवण बचत गटाला द्या. आमच्याकडे उमेद अभियानातल्या बचत गटाच्या बायकांनी दोन दिवस सगळं केलं, भाकरी, पिठलं, ठेचा, सकाळी उपीट, आणि कुणाचं पोट बिघडलं नाही, एप्रिलमध्ये ही गोष्ट महत्त्वाची आहे.

खर्चाची मान्यता आधी घ्या, आधी म्हणजे आधी. सेसमधून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून) करायचं तर तरतूद कुठल्या हेडला आहे ते लेखा विभागाला लेखी विचारा, अंदाजपत्रक टिपणीवर ठेवा, सही घ्या, मगच ऑर्डर द्या. एका ऑफिसात आम्ही "कार्योत्तर मान्यता घेऊ" म्हणून पुढे गेलो आणि चहा-जेवणाच्या बिलाचा ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप) लागला, रक्कम फार नव्हती पण त्याचं अनुपालन देता देता तीन वर्षं गेली आणि ज्या बिचाऱ्या कक्ष अधिकाऱ्यानं धावपळ केली त्याच्याच पेन्शन केसला ते आडवं आलं. हे मला अजून टोचतं.

बायकांच्या राहण्याची सोय आधी बघा, शेवटी नाही. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, महिला विस्तार अधिकारी, नर्सिंगच्या सिस्टर, यांना बऱ्याचदा "तुम्ही संध्याकाळी घरी गेला तरी चालेल" असं सांगून मोकळं केलं जातं. दिसायला हे सोयीचं वाटतं पण रात्रीच्या जेवणानंतर जे खरं बोलणं होतं त्यात मग त्या नसतात. स्वच्छ बाथरूम, आतून कडी लागणारी खोली, आणि लहान मूल असेल तर सोबत आणायला परवानगी, एवढं केलं की बऱ्याच जणी राहतात. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना जाऊ द्या, त्यावरून कुणाला बोल लावू नका.

कुणाला बोलवायचं

पंचवीस-तीस माणसं. ऐंशी झाली की ती सभा होते. खातेप्रमुख असणारच पण त्यांच्याबरोबर ज्यांच्या हातातून फाईल जाते ती माणसं हवीत, लेख्याचा वरिष्ठ सहायक, एक शाखा अभियंता, दोन ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले भाऊसाहेब, २०२४ पासून पदनाम बदललं पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), एक पर्यवेक्षिका, एक मुख्याध्यापक, आणि कॉम्प्युटर ऑपरेटर. ऑपरेटरला विसरू नका प्लीज. पोर्टल कुठल्या कारणानं रिजेक्ट करतं हे आख्ख्या तालुक्यात त्या एका पोराला माहिती असतं, आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं कारण तो कंत्राटी.

सभापती, सदस्य असतील तर त्यांना पहिल्या दिवशी पहिला तास द्या, गावातून काय ऐकू येतं ते त्यांनी सांगावं आणि आपण फक्त लिहून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा तास, काय ठरलं ते त्यांच्यासमोर मांडा. मधला वेळ अधिकारी-कर्मचाऱ्यांचा. लोकांनी जाब विचारायला आमसभा आहे आणि ती व्हायलाच हवी, पण तिथलं वातावरण वेगळं असतं, स्वतःची चूक मोकळेपणानं सांगायची ती जागा नाही.

पंधरा दिवस आधीचा गृहपाठ

पीपीटी बंद करा. मी प्रत्येक विभागाला एक ए-फोर कागद पाठवते, हातानं भरायचा, आणि त्यावर चारच प्रश्न. गेल्या वर्षी ठरवलेलं काय झालं, काय नाही झालं, नाही झालं ते नेमकं कुठल्या टेबलावर थांबलं, आणि दुसऱ्या कुठल्या विभागाकडून काय मिळालं असतं तर झालं असतं. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा कारण त्याच्यासाठीच आपण एकत्र बसतोय.

शिवाय प्रत्येकानं तीन फाईली आणायच्या. एक चांगली झालेली, एक अडकलेली, एक मेलेली. मेलेली म्हणजे निधी परत गेला किंवा लाभार्थीच कंटाळून निघून गेला अशी. खरी फाईल आणायची, ई-ऑफिसवर असेल तर टिपणीची प्रिंट.

टक्केवारीबद्दल थोडं बोलते कारण मी स्वतः कित्येक वर्षं ती भरून पाठवलीय. ९६ टक्के खर्च म्हणजे काय? यंत्रणेच्या खात्यावर पैसे वर्ग झाले तरी खर्च दिसतो आणि अंगणवाडीच्या भिंती मात्र खिडकीपर्यंतच असतात. म्हणून गृहपाठात दोन रकाने वेगळे ठेवा, निधी दिला किती आणि काम वापरात आलं किती. वापरात म्हणजे पोरं त्या खोलीत बसतायत, नळाला पाणी येतंय, घरात कुटुंब राहतंय. दुसरा रकाना भरायला फोन करावे लागतात, गावात जावं लागतं, म्हणूनच पंधरा दिवस द्यायचे.

आणि "निरंक" (म्हणजे सांगण्यासारखं काही नाही) हा शब्द त्या कागदावर चालणार नाही असं पत्रातच लिहा.

पहिला दिवस, तारखा मोठ्यानं वाचायच्या

खुर्च्या गोल लावा. स्टेज नको, हार-नारळ नको, मनोगत नको. सगळ्यात वरिष्ठ साहेब-मॅडम जे कोणी असतील त्यांनी सगळ्यात शेवटी बोलायचं हे त्यांच्याशी आधी खासगीत बोलून ठरवा, कारण ते आधी बोलले की बाकीचे तेच बोलतात.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आणि जमलं तर साहेबांच्या सहीनं लेखी द्यायची, की इथं बोललेलं कुठल्याही कारणे दाखवा नोटिशीत येणार नाही. एप्रिल-मे म्हणजे गोपनीय अहवालाचे दिवस, माणूस स्वयंमूल्यमापनात आपण किती चांगलं केलं ते लिहून आलेला असतो आणि इथं त्याला काय फसलं ते सांगायचंय. ही भीती खरी आहे. ती भाषणानं जात नाही. आमच्याकडे एका वर्षी ती कशी गेली ते सांगते. बीडीओ साहेबांनी स्वतःच एक फाईल बॅगेतून काढली, शाळा दुरुस्तीची होती, आणि म्हणाले ही माझ्या टेबलावर २३ दिवस होती, मला एका मुद्द्याचा निर्णय घेता येत नव्हता, मी कुणाला विचारलं नाही, पावसाळा आला आणि त्या वर्गात पाणी गळलं. बास, एवढंच बोलून बसले. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग डेप्युटी इंजिनिअर म्हणाले साहेब त्या मुद्द्याचं उत्तर मी तुम्हाला पाच मिनिटांत दिलं असतं. तिथून ते शिबिर खरं सुरू झालं.

आता मुख्य काम. अडकलेली फाईल घ्यायची आणि तिच्यातल्या फक्त तारखा एकानं मोठ्यानं वाचायच्या, दुसऱ्यानं भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहायच्या. नावं नाहीत, फक्त टेबल आणि तारीख. अर्ज आला, टिपणी मांडली, त्रुटी काढली, पूर्तता आली, सही झाली, जावक झाली, समोरच्या ऑफिसात आवक झाली. बाकी टिपणीतला मजकूर वाचायचाच नाही.

आम्ही घेतलेली एक फाईल घरकुलाची होती. बाई एकटी, नवरा वारलेला, जोत्यापर्यंत काम तिनं दिवाळीनंतर लगेच पूर्ण केलं होतं. जोत्याचा फोटो जिओ टॅग व्हायला गृहनिर्माण अभियंता जानेवारीत गेला कारण त्या पोराकडे वीसच्या वर गावं होती. आवास सॉफ्टला (घरकुलाच्या पोर्टलला) फोटो चढला, एफटीओ म्हणजे पैसे खात्यावर वर्ग करायचा आदेश निघाला फेब्रुवारीत, आणि पैसे परत आले, कारण तिचं खातं बराच काळ व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं. परत आल्याचं ऑपरेटरला तिसऱ्या दिवशीच दिसलं होतं, त्यानं यादीत लिहून टेबलावर दिलं, यादी टेबलावर राहिली. भाऊसाहेबांना कळलं मार्चच्या मध्यात. बाई तोवर उसने पैसे काढून विटा आणून बसली होती.

कागदावर बघितलं तर प्रत्येक टेबल खरंच सांगत होतं की आमच्याकडे दोन-तीनच दिवस होती. ते खरंही होतं. दिवस गेले होते टेबलांच्या मधे, जिथं ती कुणाचीच नव्हती. हे पीपीटीत कधीच दिसलं नसतं. आणि उपाय काय निघाला तर अगदी साधा, मंजुरी द्यायच्या आधीच खातं चालू आहे का, आधार लिंक आहे का हे बघायचं, त्यासाठी बँकवाल्यांना एक दिवस ग्रामपंचायतीत बसवायचं, आणि परत आलेल्या पैशांची यादी ऑपरेटरनं टेबलावर ठेवायची नाही, थेट भाऊसाहेबांच्या ग्रुपवर टाकायची. दोन्ही गोष्टींना एक रुपया लागत नाही. सुचवल्या कुणी? एक ऑपरेटरनं, एक भाऊसाहेबांनी.

एका फाईलीला पाऊण तास लागतो. दिवसभरात पाच-सहाच होतील. होऊ द्या. मेलेली एक तरी घ्या, ती ऐकायला जड जाते पण माणसं त्यानंतर जास्त खरं बोलतात. आणि चांगली झालेलीही घ्याच, तिच्या तारखा वाचल्या की कळतं कोण न सांगता स्वतःहून फोन करत होतं, त्या माणसाचं नाव मात्र इथं सगळ्यांसमोर घ्या.

संध्याकाळी निवृत्त होणाऱ्यांचा एक तास. हा सत्कार नाही, शाल-श्रीफळ ऑफिसात द्या. इथं त्यांना एकच विचारायचं, काका तुम्हाला असं काय माहितीय जे कुठंच लिहिलेलं नाही? एका वर्षी आमचे एक वरिष्ठ सहायक ३१ मेला निवृत्त होणार होते. अंगणवाडी बांधकामाची कामं जागेअभावी तीन वर्षं सलग आराखड्यात येत होती आणि तीन वर्षं परत जात होती. ते म्हणाले, अहो त्यातल्या काही गावांत जागा लोकांनी पूर्वीच बक्षीसपत्रानं दिलेली आहे, स्टॅम्प पेपर ग्रामपंचायतीच्या जुन्या पेटीत आहेत, फेरफार कुणी घेतला नाही इतकंच, कुठली गावं ते मी सांगतो. आणि बसल्या जागी त्यांनी अकरा गावं सांगितली. आम्ही लिहून घेतली. सगळीकडे कागद सापडले नाहीत पण सात गावांत सापडले. ते शिबिर मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये घेतलं असतं तर?

रात्री करमणुकीचे कार्यक्रम ठेवू नका असं माझं मत. कुणाला गाणं म्हणायचं असेल तर म्हणू दे, पण सक्ती नको. बाहेर सतरंज्या टाका, बसू दे लोकांना.

दुसरा दिवस, उलटं कॅलेंडर

आढावा आणि नियोजन यांच्यामध्ये मी नेहमी हिवरे बाजारचं उदाहरण देते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, पुढे २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना माहितीय. पण तिथली एक सवय आपल्या कामाची आहे. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, किती पडलं, विहिरींना किती आहे, आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला, उरेल त्यावर पिकं, आणि ते ग्रामसभेत ठरतं. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. म्हणजे मोजमाप आणि निर्णय यांच्यात अंतरच ठेवलेलं नाही. आपल्याकडे आढावा एप्रिलमध्ये आणि नियोजन कुणीतरी जुलैत मागच्या वर्षीचं कॉपी करून करतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक आख्खी भिंत रिकामी करा आणि बारा महिन्यांचे बारा कागद लावा, एप्रिल ते मार्च. आता लाल मार्करनं जे दिवस आपले नाहीत ते खोडायचे. जून मध्य ते सप्टेंबर पाऊस, मातीकाम-काँक्रीट बंद. जूनमध्ये शाळा सुरू होण्याची धावपळ. ग्रामसभांच्या तारखा. गणपती, दिवाळी. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, तेव्हा तारांकित प्रश्नांची माहिती देण्यात आठवडे जातात. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा लागणार असेल तर तो. निवडणुका असतील तर आचारसंहिता. खोडून झालं की लांब उभं राहून बघा. प्रत्यक्ष काम जमिनीवर करायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने उरतात, तेही तुकड्या-तुकड्यांत. हे प्रत्येकाला माहिती असतं पण भिंतीवर बघितल्यावर माणसं गप्प होतात.

मग उलटं चालायचं. ३१ मार्चला बिल निघालेलं हवं, तर मोजमाप पुस्तिका फेब्रुवारीअखेर भरलेली हवी, तर काम ऑक्टोबरात सुरू व्हायला हवं, तर कार्यारंभ आदेश सप्टेंबरअखेर, टेंडर ऑगस्टमध्ये, तांत्रिक मान्यता जुलैत, प्रशासकीय मान्यता जूनअखेर, आणि जागेचा उतारा-ठराव मेमध्ये. म्हणजे पाऊस हा कागदांचा हंगाम आहे. पावसात कागद पूर्ण केले तर थंडीत काम होतं, आणि आपण नेमकं पावसात काहीच करत नाही आणि जानेवारीत धावतो. प्रत्येक विभागानं आपलं एक तरी काम या भिंतीवर उलटं चालवून दाखवायचं, बसत नसेल तर ते या वर्षीचं काम नाही हे तिथंच मान्य करायचं.

जिल्हा नियोजनचा निधी जिल्हा परिषदेला दोन वर्षं खर्च करता येतो, ती सोय आहे आणि गरजेचीही आहे, पण त्यामुळेच "पुढच्या वर्षी बघू" ची सवय लागते. भिंतीवर जुन्या वर्षाची कामं वेगळ्या रंगात लावा आणि आधी ती संपवायची. पंधराव्या वित्त आयोगातसुद्धा तसंच झालं, बंधित ६० टक्के पाणी-स्वच्छतेला आणि अबंधित ४० टक्के, ही विभागणी सगळ्यांना पाठ होती, पण बंधितचे पैसे पडून का राहिले हे विचारलं की उत्तर ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठा या दोघांच्या मध्ये सापडायचं. अशा दोघांच्या मधल्या गोष्टींसाठी दुपारी दीड तास राखून ठेवा. दोन-दोन विभागांनी समोरासमोर बसायचं, आरोग्य आणि अंगणवाडी, पाणी आणि पंचायत, शिक्षण आणि बांधकाम, आणि एकमेकांकडे एकच मागणी करायची, एकच, आणि समोरच्यानं तिथंच हो किंवा नाही सांगायचं. "प्रयत्न करतो" हे उत्तर धरायचं नाही.

शेवटी संकल्प. प्रत्येक विभागाचे तीन, पंधरा नाहीत. २०२५ मध्ये राज्यभर १०० दिवसांचा कार्यक्रम आला तेव्हा एक गोष्ट मला पटली, मुद्दे मोजके, मुदत जवळची आणि निकाल १ मेला सगळ्यांसमोर. बारा महिन्यांनंतरची मुदत माणसाला पकडता येत नाही. म्हणून प्रत्येक संकल्पाला चार गोष्टी लिहायच्या, काय, कोण (पद आणि नाव दोन्ही), कधीपर्यंत, आणि पुढच्या दहा दिवसांतलं पहिलं पाऊल काय. ते पहिलं पाऊल लिहिता आलं नाही तर संकल्प अजून कच्चा आहे असं समजा.

आणि एक रकाना असा ठेवा ज्यात या वर्षी काय करणार नाही ते लिहायचं. कुणाला हा रकाना आवडत नाही, वरिष्ठांना तर नाहीच. पण एका पर्यवेक्षिकेनं आमच्याकडे सांगितलं की तिच्या सेविका अकरा रजिस्टरं लिहितात आणि त्यातली काही माहिती मोबाईल ॲपवरही भरतात, तर तालुक्यानं स्वतःच्या हौसेनं सुरू केलेली दोन प्रपत्रं तरी बंद करा. बीडीओंनी तिथल्या तिथं बंद केली. टाळ्या त्या दोन दिवसांत एकदाच वाजल्या, त्या तेव्हा.

परत आल्यावर

इतिवृत्त तीन दिवसांत आणि एका पानात. सव्वीस पानी इतिवृत्त महिन्यानं येतं आणि कुणी उघडत नाही. भिंतीवरचे कागद गुंडाळून ऑफिसात आणा आणि जशेच्या तशे लावा, साहेबांच्या केबिनमध्ये नाही तर जिथं समन्वय सभा होते तिथं. टाईप करून सुंदर करू नका, लोकांना आपलं अक्षर ओळखू येतं. दर महिन्याच्या समन्वय सभेत पहिली वीस मिनिटं फक्त तो कागद, झालं असेल तर खूण, नसेल तर नवी तारीख, पण जुनी तारीख खोडायची नाही, तिच्या खाली नवी लिहायची. तीन तारखा एकाखाली एक दिसायला लागल्या की त्या कामाची फाईल मागवायची आणि पुन्हा तारखा वाचायच्या.

जूनअखेर बदल्या होऊन नवी माणसं आली की अर्धा दिवस परत बसा. हा अर्धा दिवस मी कधीच सोडत नाही. जो गेला त्याला फोनवर घ्या, जो आला त्यानं त्या पदासमोरचे तीन संकल्प स्वतः वाचायचे, पटत नसेल तर तिथंच बदलायचे आणि आपलं नाव लिहायचं. आधीच्याचं नाव तसंच राहू द्यायचं. दुसरी बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तोवर २ ऑक्टोबरची ग्रामसभा झालेली असते आणि ग्रामपंचायती पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या तयारीला लागलेल्या असतात, एप्रिलमध्ये जे शिकलो ते त्या आराखड्यात गेलं पाहिजे, नाहीतर जागा नसलेली अंगणवाडी परत यादीत येईल.

आणि पुढच्या एप्रिलला शिबिराच्या हॉलवर एक तास आधी पोचा, तो वर्षभर लावलेला, चहाचे डाग पडलेला कागद सोबत न्या, नवे कोरे कागद लावायच्या आधी तो लावा, आणि लोक आत येताना आपोआप त्याच्यासमोर थांबून वाचायला लागतात, त्यांना वाचू द्या, सुरुवात दहा मिनिटं उशिरा झाली तरी चालेल.